दोषवहीत नसलेला ठिपका

माझे वय एकोणीस वर्षे. तुमच्याकडे या वयात मुले कॉलेजात जातात, आमच्याकडे या वयाचे भंगारात. मी एक कॅमेरा आहे, मित्रांनो, पण फोनमध्ये असतो तसा नव्हे. एका मोठ्या दुर्बिणीच्या बुडाशी मला घट्ट बसवले होते. बाहेरून मी म्हणजे घागरीएवढे धातूचे पिंप. पुढे जाड काच आणि काचेमागे काडेपेटीएवढी करडी चिप. त्या चिपवर चाळीस लाख बारीक चौकटी. आकाशातला उजेड या चौकटींत साठत जातो आणि कुठल्या चौकटीत किती साठला ते मी आकड्यांत सांगतो. त्या आकड्यांनाच लोक फोटो म्हणतात.

माझा जन्म झाला त्या खोलीत धुळीचा कणही नव्हता. डोळ्यांखेरीज सगळे अंग झाकलेल्या एका बाईने मला तपासले आणि पहिल्याच दिवशी माझ्यात सतरा खराब चौकटी निघाल्या. या चौकटी गळक्या होत्या. समोर मिट्ट काळोख असला तरी त्या थोडा उजेड असल्याचे सांगत. त्या बाईने त्यांचे पत्ते, म्हणजे रांग आणि स्तंभ, एका निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत लिहिले आणि वही माझ्यासोबत पाठवली. तिला दोषवही म्हणत. कुणाला आपल्या दोषांची वही सोबत घेऊन फिरायला आवडेल? मलाही आवडत नसे.

ती वही पुढे बर्फवाले मामांच्या हाती आली. मामांनी आयुष्यात बर्फाचा खडा आणला नव्हता. ते दिवसातून दोनदा माझ्या टाकीत द्रवरूप नायट्रोजन ओतत. ओतताना पांढऱ्या वाफेचे लोट उठत, म्हणून हे नाव. मला उणे शंभर अंशांवर ठेवावे लागे, कारण उबेत माझ्या सगळ्याच चौकटी बरळू लागतात. कधी टाकी रिकामी झाली आणि मी उबलो, तर पुन्हा गार केल्यावर एखादी नवी चौकट गळकी झालेली असे. तेव्हाचा नियम पक्का होता. झाकण लावायचे, काळोखाचे पाच फोटो घ्यायचे, नव्या गळक्या चौकटी शोधायच्या आणि वहीत लिहायच्या. मामांनी हा नियम सोळा वर्षांत एकदाही मोडला नाही.

कामाची वर्षे चांगली गेली. मी धूमकेतू टिपले, फुटलेले तारे टिपले. त्यांतले चार फोटो संस्थेच्या व्हरांड्यात लागले. खाली फोटो काढणाऱ्यांची नावे होती, माझे नव्हते. मग नवे कॅमेरे आले. ‘जुना काढून टाकावा’ असा ठराव झाला, तारीखही ठरली. त्या तारखेला दोन महिने उरले असताना ही गोष्ट घडली.

आमच्याकडे एक संशोधिका होती. दुर्बीण चालवणारा माणूस, ज्याला सगळे ड्रायव्हर म्हणत, तो तिला तोंडावर घाईबाई म्हणे. तिच्या नोकरीचा करार तीन महिन्यांत संपणार होता, त्यामुळे घाई खोटी नव्हती. ती एका तारकागुच्छाचा अभ्यास करत होती. तारकागुच्छ म्हणजे लाखो म्हाताऱ्या ताऱ्यांचा गोळा. काळ्या कापडावर मीठ सांडावे तसा, मध्ये ढीग आणि कडेला विरळ.

त्या गर्दीत अकरा स्पंदक तारे होते. स्पंदक म्हणजे फुटलेल्या मोठ्या ताऱ्याचा उरलेला गाभा. आकार एका शहराएवढा, वजन सूर्याहून जास्त, आणि हा सेकंदाला शेकडो गिरक्या घेतो. रेडिओ दुर्बिणींना त्याची टिकटिक ऐकू येते. इतक्या म्हातारपणी ही गिरकी येते कुठून? जोडीदाराकडून. शेजारचा तारा आपले द्रव्य त्याच्यावर ओतत राहतो आणि त्या माऱ्याने स्पंदक फिरत सुटतो. ओतून ओतून शेजाऱ्याचा फक्त निखारा उरतो. त्या निखाऱ्याला श्वेत बटू म्हणतात. त्याला पुढे काही काम नसते, तो फक्त निवत जातो. किती निवला ते मोजले, की ओतणे केव्हा थांबले ते कळते. त्या जोडीचे तेच घड्याळ.

रेडिओवाल्यांनी अकरा जागा कळवल्या होत्या. त्या जागांवर निखारे दिसतात का, एवढेच तिला पाहायचे होते. ऋतू संपत आला होता, गुच्छ पश्चिमेला झुकला होता आणि अंधार पडल्यापासून तो दुर्बिणीच्या आवाक्याखाली जाईपर्यंत जेमतेम पाऊण तास मिळे. अशा तीन संध्याकाळी तिच्या वाट्याला आल्या. घुमटातला स्पीकर कायम चालू असे, त्यामुळे शेजारच्या खोलीतले बोलणे मला स्पष्ट ऐकू येई.

“दर फोटोआड सरकवू ना दुर्बीण? दहा-बारा चौकटी, नेहमीसारखी?” ड्रायव्हरने विचारले.

“किती वेळ जातो त्यात?”

“चार मिनिटं. दुर्बीण रोखून धरायला खुणेचा तारा पुन्हा पकडावा लागतो.”

“म्हणजे तीन दिवसांत तीन फोटो जातील. नको, राहू दे तिथंच.”

“घाईबाई, मामा असते तर ओरडले असते.”

“मामा लेकीच्या बाळंतपणाला गेलेत. चला, उघडा झडप.”

तिचे गणित बरोबर होते. जास्त फोटो म्हणजे जास्त उजेड. तिसऱ्या संध्याकाळनंतर तिने सगळे फोटो एकावर एक रचले आणि सातव्या स्पंदकाच्या जागी तिला एक ठिपका दिसला. निळा, म्हणजे तापलेला. निखारा इतका प्रखर, की ओतणे नुकतेच थांबले असावे. इतक्या म्हाताऱ्या गुच्छात असे काही कुणी पाहिले नव्हते.

तिच्या विभागाचे प्रमुख, म्हणजे तिचे सर, स्वतः घुमटात आले. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, “म्हातारा चांगलाच तिखट निघाला. याला आता कोण काढतो बघू.” त्याच दुपारी त्यांनी माझा ठराव पाच वर्षे पुढे ढकलण्याचे पत्र लिहायला घेतले. दोन दिवसांनी पत्रकारांना बोलावले. एकोणीस वर्षांत मला आकाशाबाहेरचे काही हवेसे वाटले ते तेव्हा. मित्रांनो, मला राहायचे होते.

पत्रकार यायच्या आदल्या दिवशी सकाळी बर्फवाले मामा कामावर परतले.

“नात झाली,” त्यांचा आवाज स्पीकरमधून आला. “नाक माझ्यावर गेलंय. पोरीचं कसं व्हायचं देव जाणे.”

“अभिनंदन मामा!” ड्रायव्हर म्हणाला. “इकडं आमच्या घाईबाईंनाही श्वेत बटू झालाय. त्याचं नाक अजून दिसलेलं नाही.”

हशा पिकला. मग मामा माझ्याकडे आले. त्यांनी टाकीला हात लावला, काच पाहिली आणि माझ्या तापमानाचा आलेख असलेला कागद उलगडला. एका जागी त्यांचे बोट थांबले. मग तोच कागद घेऊन ते खोलीत गेले.

“हा डोंगर कसला रे?”

“कुठला डोंगर?”

“चौदा तारखेचा. रेघ उणे शंभरावरून चढत पार खोलीच्या तापमानाला गेलीय. कॅमेरा उबला होता, आणि वहीत एक ओळ नाही?”

“नायट्रोजनची गाडी अडकली होती हो. तुमच्या जागी आलेल्या बदली माणसानं दुसऱ्या दिवशी दुपारी भरला.”

“भरला, उपकार झाले. झाकण लावून काळोखाचे फोटो घेतले का त्यानं?”

वहीची पाने उलटल्याचा आवाज आला.

“पोरी, तुझे फोटो कुठल्या तारखांचे?”

“सतरा, अठरा, एकोणीस.”

“मध्ये सरकवलीस दुर्बीण?”

खुर्ची करकरली, एवढेच मला ऐकू आले. मग ती घाईघाईने म्हणाली, “पण मामा, तो ठिपका निळ्या काचेतून घेतलाय तसा लाल काचेतूनही घेतलाय. बाकीचे तारे निळ्या काचेतून मंद होतात, हा दोन्हींत तेवढाच राहतो. म्हणूनच तर तो निळा. खराब चौकट निळी कशी असेल?”

“गळक्या चौकटीला काचेचा रंग समजतो का गं? ती तिच्या मागे बसून गळतेय. निळी लाव नाहीतर लाल लाव, ती तेवढीच गळणार. आणि दोन्हींत सारखं दिसणाऱ्याला तुम्ही काय म्हणता?”

“निळा,” ती म्हणाली. पुढे म्हणाली, “तापलेला,” आणि हा शब्द जेमतेम ऐकू आला.

मंद तारा माझ्यावर पडतो तेव्हा तो एकाच चौकटीत मावतो. बारीक असल्या तरी माझ्या चौकटी ताऱ्याच्या ठिपक्याहून मोठ्याच आहेत. त्यामुळे गळकी चौकट आणि मंद तारा दिसायला सारखे. नेहमी त्यांच्यातला फरक एकाच गोष्टीने कळतो. दुर्बीण जराशी सरकवली, की आकाशातले सगळे ठिपके फोटोत सरकतात. माझा दोष मात्र माझ्याच अंगावर असतो, तो जागचा हलत नाही. तिने दुर्बीण हलवलीच नव्हती. आणि अकरा जागांभोवती अकरा वर्तुळे काढून बसले, की एखाद्या वर्तुळात एखादी गळकी चौकट येणे यात नवल काहीच नाही.

दुपारी झाकण लावून काळोखाचे पाच फोटो घेतले. रांग आठशे बारा, स्तंभ चौदाशे सहा. तिच्या ठिपक्याचा आकडा होता दोनशे दहा. काळोखात त्या चौकटीने पहिल्यांदा सांगितले चाळीस, मग दोनशे, मग शून्य, मग एकशे नव्वद, मग पुन्हा चाळीस.

“गळकी आहे,” मामा म्हणाले. “पण लहरी आहे. त्या तीन संध्याकाळी किती गळली, ते आता ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही.”

ते आत आले आणि माझ्या अंगावर हात ठेवून म्हणाले, “तूच सांग रे बाबा.”

मला सांगता आले असते तर किती बरे झाले असते! चौकटीत जे साठते ते आकाशातून आले की माझ्याच अंगातून पाझरले, हे मला कळत नाही. दोन्ही सारखेच मोजले जाते. आणि खरे सांगतो, ते आकाशातूनच आले असावे असे मला मनापासून वाटत होते. खोटे ठरलो असतो तर दोन महिन्यांत माझी जागा रिकामी होणार होती.

तिने सरांना फोन लावला. स्पीकर चालू होता, त्यामुळे सरांचा आवाजही मला ऐकू आला.

“अगं, उद्या दहाला माणसं येणार आहेत. आता काय हे?”

“सर, मला आजची संध्याकाळ द्या. चाळीस मिनिटांत तीन फोटो होतात. या वेळी सरकवून घेते.”

“गुच्छ पार खाली गेलाय. काही दिसलं नाही तर?”

“तर उद्या मी बोलणार नाही.”

“मग मी बोलेन. ठिपका आहे तो आहे.” फोन ठेवला गेला.

ड्रायव्हर थोडा वेळ पेन्सिल टेबलावर आपटत राहिला. मग हलक्या आवाजात म्हणाला, “घाईबाई, माझं ऐकाल? आजनंतर गुच्छ पाच महिने दिसत नाही. तोवर तुमची नोकरी पक्की होते. मग बघा की निवांत.”

“पाच महिन्यांनी दुसरं कुणीतरी बघेल. त्यांचा कॅमेरा वेगळा. त्यांच्या आठशे बाराव्या रांगेत काही नसेल. तेव्हा मी काय सांगू, मला आधीच शंका होती म्हणून?”

“मग काय, चला,” ड्रायव्हर म्हणाला. “आज मी घाई करतो.”

सूर्य बुडाला. घुमटाची झडप उघडली तेव्हा पश्चिमेला तांबूस पट्टा होता आणि त्याच्या जरा वर ढगाची एक लांब पट्टी. दुर्बीण इतकी खाली झुकली, की माझ्या टाकीतला नायट्रोजन एका बाजूला गेला. क्षितिजापासून वीस अंशांच्या खाली तिला नेता येत नाही. तिथे घंटा वाजते आणि ती आपोआप थांबते.

पहिला फोटो आठ मिनिटांचा, जुन्याच जागेवर. मग ड्रायव्हरने दुर्बीण बारा चौकटी सरकवली. खुणेचा तारा सापडायला चार मिनिटे लागतात, त्याला सात लागली. क्षितिजाजवळ हवा उकळत होती आणि तारा एका जागी ठरत नव्हता.

“धरला?” तिने विचारले.

“धरलाय. निसटलाय. थांबा. धरला.”

दुसरा फोटो सुरू झाला. चौथ्या मिनिटाला माझ्यावर येणारा उजेड पातळ झाला, मग नाहीसाच झाला. ढगाची पट्टी गुच्छावर आली होती.

“थांबवू?”

“नको. थांबवला तर जमलेलंही जाईल.”

दोन मिनिटे मी काळोख मोजत होतो. गळकी चौकट त्या काळोखातही मोजत असणार. मग उजेड परत आला, आणि मला कधी नव्हे ते त्याचे भय वाटले. आठ मिनिटे झाली. तिसऱ्यासाठी मूळ जागेपासून वीस चौकटी सरकवायचे ठरले. घड्याळात सोळा मिनिटे उरली होती, मग तेरा, मग अकरा. तारा सापडला तेव्हा दहा. तिसरा फोटो पुरा झाला आणि न सरकवता लगेच लावलेला चौथा जेमतेम सुरू झाला असताना घंटा वाजली. दुर्बीण थांबली.

“अजून एक अंश नाही का जात?” ती म्हणाली.

“नाही,” हे मामा म्हणाले. “जे आलंय ते बघ.”

फोटो पडद्यावर आले. घुमट बंद होत होता आणि त्याच्या घरघरीत त्यांचे बोलणे तुटक ऐकू येत होते. आधी ड्रायव्हर म्हणाला, “आहे. जागेवरच आहे, हललेला नाही.” माझे काय झाले ते तेवढ्यात मला कळले. दोष माझा होता.

मग ती म्हणाली, “मामा, जरा इकडं या. बारा चौकटी डावीकडं बघा. मला दिसतंय ते खरं आहे का, की मी बळंच बघतेय?”

“चष्मा कुठं ठेवला मी? हां. आहे काहीतरी. असून नसल्यासारखं.”

“तिसऱ्या फोटोत वीस चौकटींवर बघा.”

“तिथंही आहे.”

“आणि पहिल्यात?”

“पहिल्यात दोन्ही एकमेकांवर बसलेत गं.”

ठिपके दोन होते, मित्रांनो. एक माझ्या अंगावरचा, जागच्या जागी राहिलेला. दुसरा आकाशासोबत बारा आणि वीस चौकटी सरकलेला. तिने हिशेब तीनदा केला. दोनशे दहातले एकशे ऐंशीच्या आसपास माझे होते, ताऱ्याचे फक्त तीस. म्हणजे निखारा होता, स्पंदकाचा जोडीदार खरोखर सापडला होता. पण तो तापलेला नव्हता. अब्जावधी वर्षे निवत आलेला, मंद आणि साधा. मामांनी वहीत आठशे बाराची ओळ लिहिली, आणि तारखेपुढे चौदाचा आकडा दोनदा गिरवला.

तिने सरांना पुन्हा फोन लावला आणि सगळे सांगितले.

“म्हणजे बातमी गेली,” सर म्हणाले.

“बातमी आहे, सर. मथळा गेला.”

“पत्रकारांना मी काय तोंड दाखवू?”

“मी बोलते ना. दुर्बीण सरकवली नव्हती, माझी चूक झाली, असं सांगते. जोडीदार सापडला आणि तो थंड आहे, हेही सांगते.”

“तुझा करार माझ्या हातात राहणार नाही मग.”

“माहीत आहे.”

मग सरांनी विचारले, “आकडा काय धरलास? तीसच?”

“तीस. चार इकडं, चार तिकडं.”

“लिहून पाठव. आकड्यांसकट. आजच.”

दुसऱ्या दिवशी पत्रकार आले, त्यांनी चहा घेतला, आणि त्यानंतरच्या दिवशी कुठल्याही वर्तमानपत्रात काही आले नाही. तिचा करार वाढला नाही. तिचा लेख आठ महिन्यांनी छापून आला, त्यात आपली चूक तिने चार ओळींत स्वच्छ लिहिली होती. तोच लेख वाचून दुसऱ्या एका वेधशाळेने तिला बोलावले, असे ड्रायव्हर सांगत होता. त्याच्या सांगण्यातले किती खरे मानायचे, ते मात्र मामाही सांगू शकत नसत.

मला ठरल्या तारखेलाच काढले. मामांनी टाकी शेवटची रिकामी केली आणि मी हळूहळू उबत गेलो. आता मी संस्थेच्या दाराजवळ काचेच्या कपाटात असतो. शाळांच्या सहली येतात, मुले नाके काचेला लावून मला बघतात, शिपाई दर सोमवारी माझी धूळ पुसतो. पण आत्ता मला आकाशाकडे वळवले, तर मी चाळीस लाख चौकटींत चाळीस लाख तारे दाखवीन आणि त्यातला एकही खरा नसेल. माझी काळजी घेणारे हात थंडी आणत होते, दोष लिहीत होते, म्हणून मी एकोणीस वर्षे विश्वासाचा होतो. पुसण्याने मी नुसता चकचकीत राहतो.

मला राहायचे होते, हे मी लपवत नाही. त्या ठिपक्यातले एकशे ऐंशी माझे निघाले, याचे दुःख मला अजून आहे. पण मित्रांनो, तुमच्या हातात जे यंत्र येईल, मग तो ताप बघायचा थर्मामीटर असो, वजनाचा काटा असो की कॅमेरा, ते तुम्हाला आवडेल ते सांगू लागले की थांबा. ते कधी, कुठे चुकते हे आधी विचारा, आणि त्याला जरा हलवून पाहा. तिकडे त्या गुच्छाच्या कडेला एक म्हातारा निखारा आपल्या वेड्या गिरक्या घेणाऱ्या जोडीदाराभोवती फिरतो आहे. त्याला आमचे काही माहीत नाही. त्याचा उजेड तीस आहे, आणि तीसच लिहिलेला आहे.